लोणच्याचं माप

कुठल्या शेअरमध्ये किती पैसे घालायचे हे बाजारात शिकायचं नसतं, पंगतीत शिकायचं असतं, असं माझ्या वडिलांचं ठाम मत होतं. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. तंजावुरातल्या एका सरकारी कचेरीत ते हेडक्लार्क होते, पण राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत त्यांना ओळखत ते वाढपी म्हणून. आमच्या मराठी घरांपैकी कुणाकडेही लग्न, मुंज, श्राद्ध निघालं की आचारी पैसे देऊन आणत आणि वाढायला अप्पांना बोलावत. धोतर वर खोचून, हातात पितळेची बादली घेऊन ते पंगतीच्या टोकाला उभे राहिले की यजमान निर्धास्त व्हायचा. तीस पानं असोत की शंभर, अप्पांच्या पंगतीत शेवटच्या पानाला कधी काही कमी पडलं नाही, आणि उचललेल्या पानांवर उष्टं उरलं नाही. या दुसऱ्या गोष्टीचा त्यांना पहिलीपेक्षा जास्त अभिमान होता.

ते रिटायर झाले नेमके त्या वर्षांत, जेव्हा गावात ज्याला त्याला कंपन्यांची स्वप्नं पडायला लागली होती. तोवर आमच्याकडे पैसा म्हणजे पोस्ट, बँक आणि बायकांच्या अंगावरचं सोनं. एकाएकी बस स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात नव्या कंपन्यांच्या अर्जांचे गठ्ठे फुकट मिळायला लागले. शाळामास्तर अर्ज भरत होते, औषधाचा दुकानदार भरत होता, आणि आमच्याकडे श्राद्धाला येणारे भटजी दक्षिणा कनवटीला लावता लावता अप्पांना विचारत, "ते सिमेंटचं मिळालं काय तुम्हांस?" पितरांना पोचवलं की लगेच सिमेंट. आई तोंडाला पदर लावून हसायची.

अप्पा हसले नाहीत, पण घाईही केली नाही. एका सकाळी कचेरीतल्या जुन्या फॉर्मच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी केळीचं पान काढलं, चांगलं शेंड्यासकट, आणि मला समोर बसवलं. मी तेव्हा चोवीस वर्षांची, बी.कॉम. झालेली, एका कॉलेजच्या लायब्ररीत तात्पुरत्या जागेवर कारकून. घरात इंग्रजी पेपरातलं भावाचं पान वाचणारी मीच.

"पानावर आधी काय वाढतात?" त्यांनी विचारलं.

"मीठ."

"मीठ म्हणजे घरात हातास लागेल तो पैका. आजारपण आलं, पाहुणा आला, तर कोठे धावायला नको. मीठ नसेल त्या पानावर दुसरं काही वाढायचं नाही."

मग पानाच्या मधोमध त्यांनी मोठा गोल काढला. तो भात, म्हणजे पोस्ट आणि बँक. त्याला लागून वरण, म्हणजे सरकारी रोखे. उजवीकडे दोन भाज्या, म्हणजे जुन्या, आमच्या जन्माआधीपासून चालत आलेल्या कंपन्या, चहाच्या, कापडगिरण्यांच्या. आणि डावीकडे, मिठाशेजारी, पेन्सिलीचा एक ठिपका.

"ह्या नव्या कंपन्या म्हणजे लोणचं," ते म्हणाले. "लोणचं वाईट नव्हे, कण्णा. त्यावाचून जेवणास रुची नाही. पण लोणचं कोणी पळीनं वाढतं काय? बोटानं लावतात. तिखट जितकं जास्त, तितकं माप लहान."

बोटभर म्हणजे शंभरातले दोन रुपये, असं त्यांनी ठरवून टाकलं. का दोनच, तीन का नाहीत, असं मी विचारलं, तर म्हणाले, "तीन वाढून बघ आणि पाहुण्याचे डोळे बघ." हे काही उत्तर नव्हतं, पण अप्पांशी वाद घालण्यापेक्षा भिंतीशी घातलेला बरा.

आमची मराठी अशीच. मज, तुज, कोठे, हे शब्द पुण्यात आता आरतीतच ऐकू येतात. आमच्या स्वयंपाकघरात ते रोजचे, आणि त्यांच्या अवतीभवती सगळी तमिळ, अप्पांच्या लाडाच्या "कण्णा"सकट. अप्पांनी त्या पानावर नावं लिहिली तीही तमिळ लिपीत. देवनागरी मला येत नव्हती, त्यांना जेमतेम. जी भाषा आम्ही बोलत होतो ती आम्हाला वाचता येत नव्हती, आणि याचं आमच्या गल्लीत कुणाला काही वाटत नव्हतं. मला वाटत होतं. फार वाटत होतं.

मला पुण्याला जायचं होतं. तिथल्या एका कॉलेजात लायब्ररीचा एक वर्षाचा कोर्स होता, हे मला लायब्ररीत येणाऱ्या एका मासिकातून कळलं होतं. कोर्स हे निमित्त. खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ते सांगितलं असतं तर लोक हसले असते. मला अशा गावात राहून बघायचं होतं, जिथे मराठी बोलायला घरी परत यावं लागत नाही. जिथे बसचा कंडक्टर मराठीत खेकसतो, भाजीवाली मराठीत फसवते, रस्त्यावरची अनोळखी पोरं मराठीत भांडतात. आमच्याकडे उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तमिळ सुरू व्हायचं. मराठी ही आमची आतल्या खोलीतली गोष्ट होती, आणि मला ती उन्हात बघायची होती.

त्याला पंचवीस-सव्वीस हजार लागणार होते. फी, हॉस्टेल, वर्षभराचं खाणं. अप्पांकडे मागायचे नव्हते. आईच्या दम्यावर किती जातात ते मला दिसत होतं. माझ्या पगारातून साठलेले बारा हजार होते. अप्पा म्हणाले, "तुझं पान वेगळं मांडू." दुसऱ्या कागदावर त्यांनी माझं छोटं पान काढलं, आणि आमचं काम सुरू झालं.

पद्धत अशी ठरली. पेपर वाचून कंपनी मी निवडायची आणि अर्ज मी भरायचा. बँकेचं खातं दोघांचं, पण चेकवर आणि अर्जावर पहिली सही अप्पांची. म्हणजे मी वाढणार आणि ते जेवणार, असं ते म्हणायचे. "वाढणाऱ्याचं काम वाढायचं. पुरे म्हणायचं काम जेवणाऱ्याचं." पंगतीत पुरे झालं की जेवणारा बोलत नाही, पानावर हात आडवा धरतो. अप्पा अर्जावरचा आकडा बघायचे. पटला तर सही, नाही पटला तर कागदावर पंजा आडवा. एक शब्द नाही. मी चरफडत आकडा खोडायची आणि पुन्हा लिहायची. "हात आडवा झाला की थांबायचं," ते सांगायचे. "जो थांबत नाही तो वाढपी नव्हे."

आणखी एक गोष्ट ते नेहमी म्हणायचे. पंगतीत पोळी मागणाऱ्या पोरांना ते बजावत, "मागशील तेवढी सगळी पानात पडेल असं धरून माग." कारण काही पोरं दहा मागायची, वाढपी दोनच देईल या हिशेबानं. अप्पा मुद्दाम दहाच्या दहा वाढत, आणि संपेपर्यंत त्या पोराला उठू देत नसत. गल्लीतल्या निम्म्या पोरांनी रडत पोळ्या खाल्लेल्या आहेत. मीही.

दोन वर्षं आम्ही असं वाढत राहिलो. एका लोणच्यानं दुप्पट दिले, दोन नासली, भाज्या बऱ्या निघाल्या, आणि मी पगारातून टाकत राहिले. बाराचे वीस हजार झाले. नासलेल्या दोन्ही कंपन्यांत मिळून माझे पाचशेसुद्धा गेले नव्हते, हे अप्पांनी मला चार वेळा ऐकवलं. पण मी सव्विसावं ओलांडलं होतं. शंभरातले दोन रुपये बोटानं चाटत बसले तर पुण्याला पोचेपर्यंत माझेच केस पिकतील, असं मी एकदा चिडून म्हणाले. अप्पा म्हणाले, "पिकू दे. पुणे कोठे पळतं?" त्या वर्षी मला त्या कॉलेजातून पत्र आलं होतं, की जूनमध्ये जागा आहे, पैसे भरून हजर व्हा. ते पत्र इंग्रजीत होतं, पण वर कॉलेजचं नाव देवनागरीत छापलेलं होतं. मी ते एकेक अक्षर लावून वाचलं. मला पहिल्यांदा वाचता आलेली मराठी तीच.

त्याच उन्हाळ्यात कोळंबी आली.

नागपट्टणमकडच्या किनाऱ्याला तेव्हा समुद्राचं पाणी आत घेऊन तळी खोदत होते. कोळंबी वाढवायची आणि परदेशी पाठवायची. पापनाशमकडचे आमचे ओळखीचे भातशेतीवाले म्हणत होते, आमच्या तीन पिकांत जे होत नाही ते त्यांच्या एका तळ्यात चार महिन्यांत होतं. अशाच एका कंपनीचा अर्ज झेरॉक्सवाल्याकडे आला. तो अर्जांवर आपला शिक्का मारून कमिशन घेणारा एजंटही होता, तमिळ गृहस्थ, स्वभावानं भला. पुस्तिकेच्या कव्हरवर भली मोठी गुलाबी कोळंबी, मिशांसकट. मी ती घरी आणली तर आईनं उंबऱ्यातच अडवलं. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नव्हतं. "ते तिथेच तिण्णैवर ठेव," ती म्हणाली. तिण्णै म्हणजे दारापुढचा बसायचा ओटा. त्यामुळे माझ्या आयुष्याचा निर्णय बाहेर रस्त्याकडेला झाला, जाणाऱ्या-येणाऱ्या सायकलींच्या साक्षीनं.

मी अप्पांना विचारलं, "हे पानात कुठे वाढायचं? लोणच्यात?"

अप्पांनी पुस्तिका दोन बोटांत धरून लांबून बघितली. इतकी वर्षं वाढपी म्हणून काढलेल्या माणसापुढे पहिल्यांदाच असा पदार्थ आला होता, ज्याला पानावर जागा नव्हती. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. त्यांनी पुस्तिका तिण्णैवर पालथी ठेवली. मग म्हणाले, "हे आपल्या पानात येतच नाही, कण्णा. मज ह्याचं माप ठाऊक नाही. तू बघ."

तू बघ. मला एवढंच हवं होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत होती. माप नाही म्हणजे मोठं माप नाही, असा अर्थ मी घ्यायला हवा होता. मी घेतला तो उलटा, की इथे मापच लागू नाही.

एजंट म्हणाला, "अम्मा, या अर्जांवर उड्या पडणार आहेत. शंभर शेअर मागितलेत तर एकही लागायचा नाही. भरपूर मागा, थोडे मिळतील, उरलेले पैसे परत येतील. सगळे असंच करतात." ते खरंच होतं, मागच्या चार-पाच अर्जांत मागितल्याचा दहावा हिस्साही मिळाला नव्हता. शेअर चाळीस रुपयांना होता. मी पाचशे लिहिले. वीस हजार. माझं सगळं पान, मिठासकट. दोन-तीन हजारांचे लागतील, तिप्पट-चौपट भावानं जातील, आणि जूनमध्ये मी गाडीत बसेन, असा माझा हिशेब होता.

त्या दुपारी अप्पा तिण्णैवर बसले होते. मी अर्ज, चेक आणि पेन पुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. आकड्यावर त्यांचं बोट थांबलेलं मला आजही दिसतं. बोटाच्या पेरात लग्नसराईत पोळलेल्याचा जुना डाग होता.

"सगळं?" त्यांनी विचारलं.

"सगळं मिळायचं नाही, अप्पा. दहा मागितले की एक मिळतो."

आता ते पोळ्यांचं वाक्य म्हणतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. ते म्हणाले नाहीत. त्यांचा पंजा कागदाच्या कडेला होता, उघडा, आडवा करायला दोन बोटांचं अंतर. मी त्या हाताकडे बघत होते. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पुण्यास थंडी पडते म्हणतात," ते म्हणाले. "तुज स्वेटर लागेल."

आणि सही केली.

पाचशेच्या पाचशे लागले. उड्या वगैरे काही पडल्या नव्हत्या. अर्ज कसेबसे पुरे झाले होते, आणि माझ्यासारख्यांनी जे मागितलं ते सगळं पानात पडलं. एजंटनं पेढे दिल्यासारखा चेहरा करून पत्र हातात ठेवलं. मी ते घेऊन घरी आले, तेव्हा अप्पा वाचून फक्त "बरं" म्हणाले. बाजारात शेअर पहिल्याच दिवशी चाळिसाच्या खाली उघडला. मी म्हटलं, चढेल. पंधरवड्यानं तो पंचवीसला आला. अप्पा म्हणाले, "निम्मं विकून टाक." आता मात्र मी ऐकायला तयार नव्हते, पंचवीसला विकायचे म्हणजे पुणे हातानं पुसून टाकायचं. मग तळ्यांत रोग पडला. कोळंबी पांढरी पडून मेली, शेजारच्या शेतांत खारं पाणी शिरलं म्हणून गावकरी उठले, आणि कंपनीच्या कचेरीतला फोन वाजत राहायला लागला. पावसाळ्यानंतर भाव दोन रुपये. त्यानंतर पेपरात नावच येईना. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, असं मी हसून म्हणायला शिकले. ते धुपाटणं म्हणजे शंभर-शंभरांची पाच सुंदर सर्टिफिकिटं, त्यावर छोटी कोळंबी छापलेली.

जून तर केव्हाच येऊन गेला होता. मी कॉलेजला इंग्रजीत लिहिलं की यंदा जमत नाही. पुढच्या वर्षीही जमलं नाही. आईचा दमा वाढला. नंतर मी लिहायचंच सोडून दिलं. लायब्ररीतली जागा कायम झाली. स्थळं आली, गेली. तिथल्या एका जुन्या बाईंकडून मी देवनागरी शिकले, आणि संध्याकाळी अप्पांना पुस्तकं वाचून दाखवायची. ते डोळे मिटून ऐकत आणि मधेच म्हणत, "हे पुण्याचे लोक किती वेगानं बोलतात." त्या शहरातल्या पेठांचे, रस्त्यांचे उल्लेख आले की मी हळू वाचायची. तिथे न जाता मला तिथली वळणं पाठ झाली होती. मी तिथे असते तर सायकल कुठे लावली असती, इतकं मी ठरवून ठेवलं होतं.

आई गेली. त्याच्या दुसऱ्या वर्षी कागदाचे शेअर कंप्युटरवर चढवायचा नियम आला, आणि मी कपाट उपसून सगळी सर्टिफिकिटं तिण्णैवर पसरली. भाज्या, चहा, गिरण्या. त्यात कोळंबीची पाच निघाली. मी ती बाजूला काढताना हसले. अप्पा हसले नाहीत.

"मी पाहिला होता तो आकडा," ते म्हणाले.

"सही केलीत म्हणजे पाहिलाच असणार."

"तसं नव्हे." ते रस्त्याकडे बघत होते, त्या दुपारसारखंच. "मज ठाऊक होतं की सगळं पडू शकतं. आयुष्यभर पोरांस तेच सांगत आलो. हात आडवा करणार होतो. मग मनात आलं, हे बुडालं तर ही राहील. एवढंच आलं. आणि हात उचललाच नाही."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातले कागद खाली पडले. मी म्हणाले, "म्हणजे तुम्ही मला बुडू दिलंत?"

"पैका बुडू दिला. तुज नव्हे," अप्पा म्हणाले, आणि मग लगेच, "एकच आहे म्हण. मज ठाऊक आहे, एकच आहे."

मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता आणि नंतरही नाही. कंपनीवर नव्हता, एजंटवर नव्हता. त्या दोघांकडून माझी काही अपेक्षाच नव्हती. ज्या एका माणसाच्या हातावर मी विसंबले होते, त्यानं तो हात खिशात घालून ठेवला होता. दोन्ही वेळा मी त्यांचं पान मांडायची, मोजून वाढायची आणि आत निघून जायची. भात इतका, त्यावर ओतायचं सारू इतकं, वाटी तिथल्या तिथे. कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, काय शिस्तीचं घर आहे. आठव्या दिवशी रात्री पान उचलताना माझं लक्ष गेलं, की डावीकडचा कोपरा कोरडा आहे. मी मीठ वाढलं नव्हतं. आठवून बघितलं, तर आठही दिवस वाढलं नव्हतं. मिठाशिवाय दुसरं काही वाढू नये असं सांगणारा तो माणूस सोळा जेवणं गुपचूप जेवून उठला होता. मी डबा घेऊन बाहेर गेले आणि म्हणाले, "सांगायचं नाही का?" ते म्हणाले, "पुरे म्हणायचं काम माझं. अजून वाढ म्हणायचं तोंड नव्हतं." मी तिथेच बसून रडले. अप्पाही रडले. त्यानंतर आम्ही या विषयावर बोललो नाही, पण राग पुरता गेला असं मी म्हणणार नाही. तो मिठासारखा कोपऱ्यात राहिला, चिमूटभर.

आता मी पुण्यात राहते. अप्पा गेल्यावर, नोकरी संपल्यावर, एकटीला कुठेही राहता येतंच, म्हणून आले. माझे केस खरोखरच पिकले आहेत आणि पुणे पळालं नव्हतं. कंडक्टर मराठीत खेकसतो, भाजीवाली मराठीत फसवते. पहिला महिना मी विनाकारण बसनं हिंडले, नुसती ऐकत. माझ्या बोलण्यावर लोक प्रेमानं हसतात, तुम्ही कुठल्या, विचारतात. दर महिन्याला बँकेतून ठरलेली रक्कम आपोआप फंडात जाते; किती घालायचे हे कुणाला विचारावं लागत नाही, कुणी कागदावर पंजा ठेवत नाही. ज्या भाषेसाठी मी तळमळले ती आता खिडकीतून दिवसभर आत येते, आणि मी कान लावून बसते तो त्या गर्दीत कुठूनतरी एखादा "मज", एखादा "कोठे" ऐकू येईल म्हणून. तो येत नाही. तो बोलणारा माणूस मी तंजावुरात ठेवून आले.

त्यांच्या शेवटच्या दिवसांत जेवण फार कमी झालं होतं. पाटावर बसवत नव्हतं, तरी पानावरच जेवायचा हट्ट होता. मी केळीचं पान वीतभर कापून ताटलीत घालायची, कोपऱ्यात मीठ, आणि मधे मऊ दहीभात. एका दुपारी मी त्यांना तो चमच्यानं भरवत होते. दोन घास गेले. तिसरा वाढायला मी चमचा पुढे केला, तर त्यांनी पानावर हात आडवा केला. खूण पुरी होती. पंगतीत करतात तशी, पाचही बोटं जुळवून.

हात आडवा झाला की थांबायचं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. पण मला ते थांबलेले नको होते. त्या क्षणी मला समजलं, त्या दुपारी तिण्णैवर आकड्यापाशी थांबलेल्या त्यांच्या बोटाला काय झालं असेल. मी त्यांचा हात हळूच उचलून बाजूला ठेवला आणि आणखी एक घास वाढला.

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी तोंड उघडलं आणि तो खाल्ला.